मुलांशी दारू-नशेबद्दल काय बोलता? अनुभव सांगा

काल लेकीने विचारलं, "आई, पार्टीत कुणी प्यायलं आणि उठेचना तर?" आणि हॉस्टेलची ती रात्र आठवली. "झोपली की उतरेल" म्हणून मुलींनी एकीला खोलीत एकटीच सोडलं होतं. एका सिनियर ताईने येऊन तिला कुशीवर वळवलं, तोंडातली उलटी पुसली, अॅम्ब्युलन्स बोलावली. पाठीवर पडली असती तर उलटी श्वासनलिकेत गेली असती. पोटातली दारू झोपेतही रक्तात जातच राहते, हे लेकीला माहीत नव्हतं. तुम्ही काय सांगता? कोणत्या वयात?

मृगजळ: आमचं ठरलंय. लेकाने फक्त "कुत्र्याला फिरवलं का?" एवढा मेसेज करायचा. आमच्याकडे कुत्राच नाही. मी लगेच फोन करून "आत्ताच्या आत्ता घरी ये" म्हणून ओरडते, म्हणजे मित्रांपुढे त्याला कारण मिळतं. घ्यायला आम्हीच जातो. त्या रात्री एकही प्रश्न नाही, बोलायचं ते दुसऱ्या दिवशी. वापरलाय त्याने, गाडी चालवणाराच प्यायला होता तेव्हा.

रातराणी: कुत्रा ढापला हं मी!! आजच सांगते घरी.

आजोळ: गाडीतून जाताना बोलतो आम्ही. समोरासमोर बसवलं की पोरगं मिटतं. मेंदूतला लगाम घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो हे सांगितल्यावर चिडला नाही, उलट प्रश्नच प्रश्न.

निळीशाई: इमर्जन्सीत नर्स आहे, घाईत लिहितेय. कॉफीने, गार पाण्याने दारू उतरत नाही. लिव्हर त्याच्या वेगानेच काम करतं. हलवूनही जाग नाही, श्वास अडखळतोय, ओठ निळे पडलेत, तर थांबू नका, अॅम्ब्युलन्स बोलवा. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र तर फारच वाईट, दोन्हींनी श्वास मंदावतो. आणि काय घेतलंय ते खरं सांगा हो, आम्हाला उपचार करायचे असतात.

रातराणी: @निळीशाई, एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळून पितात त्याचं काय?

निळीशाई: चढलेली जाणवत नाही, म्हणून आणखी पितात. दारू रक्तात तेवढीच असते.

उंबरठा: माझे वडील दारूनेच गेले. घरात कुणी बोलत नाही, पण मुलीला मी सगळं सांगितलं. आपल्या घरात धोका जास्त आहे, पण तुझं काही ठरलेलं नाही, असं. ती बराच वेळ माझा हात धरून बसली.

मृगजळ: @उंबरठा, किती अवघड गेलं असेल. बरं केलंत सांगितलंत.

आजोळ: जरा वेगळं विचारतो, पुतण्याच्या दप्तरात पेनड्राइव्हसारखं काहीतरी सापडलं, गोड वास येतो. व्हेप का, म्हणजे ती ई-सिगारेट?

रातराणी: असेल. बहुतेकांत निकोटिन असतं, सवय लागते. दादा, आधी त्यालाच विचारा, वहिनींना नंतर.