नमुना न विणता थेट कापडाला हात घालावा का?

मूळ मत: हातमागावर कापडाआधी नमुना, म्हणजे त्याच सुताचा छोटा तुकडा, विणून पाहणे ही सुताची आणि वेळेची नासाडी आहे. मागावर चूक झालीच, तर ती हातकामाची खूण समजून तशीच राहू द्यावी.

प्रतिसाद 1: या सल्ल्याने नवशिक्यांचे नुकसान होईल, म्हणून सविस्तर लिहितो. मागावर ताणलेले कापड हे अखेरचे कापड नव्हे; ताण सुटून पाणी लागले की सूत फुगते, आटते आणि मगच वीण बसते. फणीत (उभे धागे ठरावीक अंतरावर धरणाऱ्या मागाच्या कंगव्यात) 36 इंच भरलेली माझी लोकरी शाल धुतल्यावर 30 इंचांवर आली आणि पुठ्ठ्यासारखी ताठ झाली. इंचाला 20 ऐवजी 16 धागे पुरले असते, हे वीतभर नमुन्याने आधीच सांगितले असते.

मूळ लेखक: नमुन्यासाठी वेगळा ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) लावला की शेवटी न विणता उरणारा हात-दीड हात ताणा दोनदा वाया जातो. हाताने कातलेले सूत मोजकेच असते, ते मी कशावर खर्चावे?

प्रतिसाद 1: वेगळा लावूच नये. मूळ ताणाच थोडा लांब धरावा, सुरुवातीला नमुना विणून कापावा, धुवावा आणि ताणा पुन्हा बांधावा.

प्रतिसाद 2: माझा आक्षेप चुकीला खूण म्हणण्याला आहे. एक उभा धागा भलत्या चौकटीत (उभे धागे वर-खाली करणाऱ्या मागाच्या भागात) ओवला गेला, तर तो दोष कापडाच्या पहिल्या बोटापासून शेवटपर्यंत धावतो. योग्य चौकटीवर दोऱ्याचा नवा डोळा (धागा ओवायचा फासा) बांधून तो सुधारता येतो, पण त्यासाठी आधी तो दिसावा लागतो. मी तो न पाहता चार हात विणले आणि सगळे उसवले. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

प्रतिसाद 3: उसवण्याच्या या हट्टाने माझा मोहेरचा (अंगोरा शेळीच्या केसांच्या सुताचा) संपूर्ण ताणा गेला. केसाळ सूत एकमेकांत गुंतते, प्रत्येक उसवणीत उभे धागे घासले जातात आणि अखेर तुटतात. तिथे आडवे धागे कात्रीने कापून काढावेत; सुटलेल्या एखाद्या धाग्यासाठी तर कापड उतरवल्यावर, धुण्यापूर्वी, सुईने योग्य वाटेने नवा धागा घालणे पुरते.

प्रतिसाद 2: सुईवर विसंबणारा माणूस मागावर लक्ष देत नाही, हे मी स्पष्टच सांगतो.

प्रतिसाद 3: माझे कापड न पाहता माझ्या लक्षाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आपले सूत पीळदार आणि गुळगुळीत असेल, म्हणून ते उसवणे सोसते.

प्रतिसाद 2: मोहेरपुरते मान्य करतो, सुती कापडाला मुळीच नाही.

मूळ लेखक: ताणा लांब धरण्याची सूचना मी पुढच्या शालीला करून पाहीन. लहानशा चुकीसाठी मात्र मी उसवणार नाही.