कार्लाइलचा १९१२ चा हंगाम: तो विजय कोणाच्या खात्यावर मांडायचा?

रानवारा:
९ नोव्हेंबर १९१२ रोजी वेस्ट पॉइंट येथे अमेरिकी लष्करी अकादमीच्या ‘अमेरिकन फुटबॉल’ संघाला कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या पेनसिल्व्हेनियातील मूलनिवासी (तेव्हाच्या भाषेत ‘इंडियन’) मुलांच्या शाळेने २७-६ असे हरवले. अमेरिकी सैन्याने वुंडेड नी येथे केलेल्या मूलनिवासींच्या हत्याकांडाला तेव्हा २२ वर्षेही पुरी झाली नव्हती, आणि ज्या सैन्याने या मुलांच्या वडीलधाऱ्यांवर बंदुका चालवल्या त्याच सैन्याचे भावी अधिकारी समोर उभे होते. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले ड्वाइट आयझेनहॉवर त्यांच्यातलेच एक. कार्लाइलचा कर्णधार होता सॅक अँड फॉक्स जमातीचा जिम थॉर्प, जो त्याच उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन (पाच क्रीडाप्रकार) आणि डेकॅथलॉनची (दहा क्रीडाप्रकार) सुवर्णपदके जिंकून आला होता.

त्या वर्षी खेळाचे नियमही बदलले होते. दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी तीनऐवजी चार प्रयत्न मिळू लागले, टचडाउनचे (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याचे) सहा गुण झाले आणि पुढे चेंडू फेकण्यावरची वीस यार्डांची मर्यादा उठली. प्रशिक्षक पॉप वॉर्नर यांनी दोन्ही हाफबॅकना (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंना) रांगेच्या टोकांजवळ उभे करण्याची नवी रचना वापरली. चेंडू कोणत्या बाजूने निघणार हे प्रतिस्पर्ध्याला शेवटच्या क्षणापर्यंत कळत नसे, त्यामुळे अंगाने भारी असलेल्या संघाचे वजनच निरुपयोगी ठरे. लष्करी संघाचा कर्णधार तर कार्लाइलच्या जो गायन या खेळाडूशी धसमुसळेपणा केल्याबद्दल मैदानाबाहेर काढला गेला.

१२ विजय, एक पराभव, एक बरोबरी आणि पाचशेहून अधिक गुण: हा हंगाम त्या मुलांनी स्वतःच्या हिमतीवर कमावला. शाळेच्या क्रौर्याची चर्चा जरूर व्हावी, परंतु तिच्याखाली हा पराक्रम गाडला जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

मृण्मयी:
सहमत नाही. गाडले जाण्याचा विषय आपणच काढलात, म्हणून लिहिते. काही वर्षांपूर्वी मी कार्लाइलला गेले होते. त्या जागी आज लष्कराचे युद्ध महाविद्यालय आहे आणि त्याच्या कडेला, रस्त्यालगत, शाळेत मरण पावलेल्या मुलांच्या थडग्यांचे पांढरे दगड ओळीने उभे आहेत. एकेका दगडावर नाव आणि जमात कोरलेली आहे. काहींवर नावाच्या जागी केवळ ‘अज्ञात’ एवढेच आहे. २०१७ पासून काही मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवले जात आहेत.

संस्थापक रिचर्ड प्रॅट यांनी १८९२ मध्ये ‘त्याच्यातला इंडियन मारा आणि माणूस वाचवा’ असे उघड सांगितले होते. शाळेत येताच मुलांचे केस कापले जात, नावे बदलली जात, मातृभाषेत बोलण्यास मनाई असे. अशा संस्थेसाठी फुटबॉल ही जाहिरात होती. संघ सतत परक्या मैदानांवर फिरत असे, तिकिटांचा पैसा शाळेकडे येई, आणि प्रत्येक विजयानंतर ‘पाहा, आम्ही यांना कसे घडवले’ असे म्हणण्याची सोय होई. ज्या विजयाचा उपयोग त्या मुलांच्याच कुलाचार आणि भाषेविरुद्ध पुरावा म्हणून झाला, तो मुलांच्या खात्यावर कसा मांडायचा?

जुना गडी:
आधी खेळाविषयी. त्या १४ सामन्यांत अल्ब्राइट, लेबनॉन व्हॅली अशी लहान महाविद्यालयेही होती, त्यामुळे गुणांच्या बेरजेने दिपून जाण्याचे कारण नाही. वेस्ट पॉइंटनंतर आठवडाभरातच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४-२६ असे हरवले, हेही ध्यानात ठेवावे. मात्र लष्करी संघावरचा विजय निर्विवाद आहे.

आता मृण्मयीताईंच्या प्रश्नाकडे वळतो. वेस्ट पॉइंटला क्वार्टरबॅक (चाली चालवणारा खेळाडू) म्हणून खेळलेला गस वेल्च हा चिपेवा जमातीचा तरुण. शाळेच्या कारभाराविरुद्ध दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज गेला, त्यामागे तो होता. १९१४ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीने चौकशी केली तेव्हा त्याने वॉर्नर यांच्याविरुद्ध साक्ष दिली. अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांना पद सोडावे लागले आणि वॉर्नर पिट्सबर्गला गेले. शाळेच्या जाहिरातीतले निर्जीव चित्र असे वागत नाही. ज्या मुलांनी तो सामना जिंकला, त्यांच्यापैकीच एकाने दोन वर्षांत शाळेचा हिशेब मागितला. ते धैर्य मैदानावर आले की मैदानामुळे आले, हे मी सांगू शकत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या.

मृण्मयी:
वेल्चचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माझ्या पहिल्या प्रतिसादात मुले फक्त वापरली गेली असा सूर लागला असेल तर तो मी मागे घेते. परंतु थॉर्पचे काय झाले ते पाहा. जानेवारी १९१३ मध्ये उघड झाले की त्याने पूर्वी नॉर्थ कॅरोलायनामध्ये पैसे घेऊन बेसबॉल खेळले होते, आणि ऑलिंपिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. आपल्याला काही ठाऊक नव्हते, असे शाळेने आणि प्रशिक्षकाने सांगितले, आणि थॉर्पच्या नावाने क्षमायाचनेचे पत्र गेले. आपण केवळ एक इंडियन शाळकरी मुलगा होतो, असल्या गोष्टी आपल्याला कळत नव्हत्या, अशा आशयाचे ते पत्र वाचताना माझ्या पोटात तुटते. जगातला सर्वोत्तम खेळाडू ठरलेल्या माणसाला स्वतःला अजाण म्हणवून घ्यावे लागले, आणि तरीही पदके गेलीच. विजयाच्या वेळी तो शाळेचा होता, दोष आला तेव्हा एकटा पडला.

रानवारा:
हे पत्र मी वाचले आहे आणि आपल्या संतापात मी सहभागी आहे. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याला सहविजेता आणि २०२२ मध्ये एकमेव विजेता ठरवले. तो मात्र १९५३ सालीच गेला होता. तरीही माझा आग्रह कायम आहे, आणि जुना गडी यांनी सांगितलेल्या गोष्टीमुळे तो अधिक पक्का झाला आहे. शाळा १९१८ मध्ये बंद पडली, इमारती पुन्हा लष्कराकडे गेल्या. २७-६ हा आकडा मी थॉर्प, वेल्च आणि गायन यांच्या नावानेच सांगणार, शाळेच्या नावाने नाही.

मृण्मयी:
मग तो सांगताना त्या रस्त्यालगतच्या दगडांचाही उल्लेख करा. माझी तेवढीच मागणी आहे.