नवीन पीएमओ: दोन माणसांत आधी कोणती कामं घ्यावीत? (सल्ला हवा)

नवखा_पीएमओ

नमस्कार मंडळी,
चाकणजवळ आमची गाड्यांचे प्लास्टिक पार्ट बनवणारी कंपनी आहे. गेल्या महिन्यात मालकांनी बोलावून सांगितलं, "आपल्याकडेही पीएमओ पाहिजे, तू बघ." (पीएमओ म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, सगळ्या प्रोजेक्टवर एकत्र लक्ष ठेवणारा विभाग. घरी सांगितलं तर आईने विचारलं, म्हणजे दिल्लीला जावं लागणार का?) माणसं दोन: मी आणि गेल्याच वर्षी डिप्लोमा झालेली एक मुलगी. चालू प्रोजेक्ट २३, प्रोजेक्ट मॅनेजर ५.

आठवड्याभरात सगळ्यांनी मागण्या टाकल्या. मालकांना मोबाइलवर डॅशबोर्ड हवाय. क्वालिटीला एपीक्यूपीची (नवीन पार्टच्या गुणवत्तेच्या आगाऊ नियोजनाची) कागदपत्रं आमच्याकडे ढकलायची आहेत, फायनान्सला टूलिंगच्या (मोल्ड म्हणजे साचे वगैरेंच्या) खर्चाचा हिशोब पाहिजे आणि एचआर म्हणतंय ट्रेनिंग घ्या. मोजली तर १४ कामं झाली. सगळी घेतली तर एकही धड होणार नाही. सुरुवात कुठून करू?

टी_झीरो

आधी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका. बाकीचं सावकाश लिहितो.

मावळती

कामांची यादी बाजूला ठेवा, आधी दुखणं शोधा. पाचही जणांना एकेकटं गाठा, मीटिंग रूममध्ये नको, टपरीवर. एवढंच विचारायचं: गेल्या तीन महिन्यांत कुठली तारीख चुकली आणि त्याच्या आदल्या आठवड्यात नेमकं काय झालं होतं? "पीएमओने काय करावं" असं विचारलंत तर टेम्प्लेट, डॅशबोर्ड अशी पुस्तकी उत्तरं मिळतील.

आमच्याकडे अशा गप्पांतून दुखणं निघालं ते टूलरूमचं, म्हणजे जिथे मोल्डची कामं होतात तिथलं. तिथे एक पांढरा फळा होता. त्यावर सात मोल्डची नावं आणि सातांपुढेही 'अर्जंट'. एकापुढे तर वेगळ्या अक्षरात 'अति अर्जंट'. तिथले मामा ज्याचा फोन शेवटी आला त्याचा मोल्ड मशीनवर चढवायचे. मग पहिलं वर्ष आम्ही मुख्यतः एकच काम केलं. दर सोमवारी सगळ्या मोल्डचा क्रम एका कागदावर लिहायचा, प्लांट हेडची सही घ्यायची आणि तो फळ्याशेजारी चिकटवायचा. टेम्प्लेट दीड वर्षांनी केली. तोवर कुणी विचारलंही नाही.

खडूस_ऑडिटर

मावळतीताई, अर्धं पटलं. पगार देणाऱ्याला काय हवंय ते विसरून कसं चालेल? हॉब्ज आणि ऑब्री या दोन संशोधकांनी ५०० पीएमओंची पाहणी करून २००७ मध्ये २७ कामांचा महत्त्वानुसार क्रम लावला होता. त्यात वरिष्ठांना प्रोजेक्टची स्थिती कळवणं पहिलं होतं. हे काम पहिलं असावंच असा त्याचा अर्थ नाही, बहुतेक ठिकाणी ते तसं मानलं जातं इतकंच. पण हात आखडता घ्यायची वेळ आली की पीएमओ आधी डोळ्यावर येतं. म्हणून मालकांना महिन्याला एक पान द्याच. डॅशबोर्ड मात्र आत्ता नको. खालून येणारी माहितीच खोटी असेल तर मोबाइलवर हिरवे दिवे दिसतील आणि ग्राहकाचा फोन आल्यावर सगळे लाल होतील.

आणि एपीक्यूपीच्या कागदांना अजिबात हात लावू नका. त्यातल्या पीपीएपीचे (पार्टला ग्राहकाची मंजुरी घ्यायच्या फाइलचे) १८ भाग एकदा तुमच्या टेबलावर आले की तुम्ही क्वालिटीचे कारकून झालात. फाइल कुठे अडली ते विचारा, भरू नका.

नवखा_पीएमओ

पाचांपैकी चौघांशी बोललो. मला वाटलं होतं आमच्याकडेही टूलरूमच निघेल. नाही निघाली. तिघांनी सांगितलेली गोष्ट जवळपास एकच: ग्राहकाने ड्रॉइंग बदललं आणि आम्हाला उशिरा कळलं.

एक उदाहरण देतो. ब्रॅकेटचं भोक २ मिमी सरकवायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी मार्केटिंगच्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. त्याने "ओके सर" लिहिलं आणि तो लग्नाला सांगलीला गेला. मंगळवारी इकडे जुन्या ड्रॉइंगवर मोल्डचं स्टील कापलं गेलं. पहिल्या ट्रायलचे पार्ट फिक्श्चरवर बसेनात तेव्हा शोधाशोध झाली. वेल्डिंग करून मोल्ड दुरुस्त केला, पण तीन आठवडे गेले.

मावळती

मग तुमचं पहिलं काम ठरलं, टूलरूमचं नंतर बघा. बदलांचं एक रजिस्टर, साधी वही चालेल. बदल आला की त्याला नंबर, तारीख, कुणाकडून आला, कुठल्या मोल्डवर परिणाम, खर्च कोण देणार. आणि नियम एकच: नंबर नसेल तर स्टीलला हात लागणार नाही. वही त्या मुलीकडे द्या. तिला कुणाची भीड नसेल, हा फायदाच आहे.

मात्र त्याआधी अधिकाराचं बघा. पुस्तकात पीएमओचे तीन प्रकार सांगतात: मदत करणारं, नियंत्रण ठेवणारं आणि प्रोजेक्ट थेट स्वतः चालवणारं. पहिल्या प्रकारचं पीएमओ कुणाला थांबवू शकत नाही. स्टील थांबवायचं तर निदान या एका बाबतीत दुसऱ्या प्रकारचं हवं, आणि तसं मालकांच्या सहीने लेखी.

खडूस_ऑडिटर

+१. खर्च कोण देणार हा रकाना विसरू नका. फायनान्सची मागणीही त्यात आपोआप थोडी भागते.

नवखा_पीएमओ

आज मालकांशी बोललो. वही पटली, सही द्यायलाही तयार आहेत. फक्त म्हणाले, "अमुक ग्राहक सोडून. त्यांचं काम अडवायचं नाही." आता काय करू?

टी_झीरो

त्या ग्राहकाचे बदल महिन्याला किती येतात?

नवखा_पीएमओ

निम्म्याहून जास्त.

टी_झीरो

वाटलंच. अडवू नका, पण नंबर त्यांच्या बदलालाही द्या. पुढे लिहा किती तास वेल्डिंग झालं, किती स्टील वाया गेलं, रुपयांत. तीन महिने कुणाला काही बोलू नका. मग ऑडिटरसाहेब म्हणतात ते एक पान मालकांना द्याल तेव्हा हा आकडा सगळ्यात वर घाला.