आमच्या बिल्डिंगमधले निम्मे लोक मतदानाला जात नाहीत, काय करावं?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर)

महालातलं घर विकून आम्ही त्रिमूर्तीनगरला फ्लॅट घेतला, म्हणजे मध्य नागपूरमधून दक्षिण-पश्चिममध्ये आलो. 12 फ्लॅट, 29 मोठी माणसं. 19 एप्रिल 2024 ला, लोकसभेच्या दिवशी, संध्याकाळी मी जिन्यात उभा राहून एकेकाला विचारलं. बोटाला शाई 13 जणांच्या.

बाकीच्यांचं उत्तर ऐकून जीव तुटला. एक म्हणे, "इथं कमळच येते भाऊ, माझ्या एका मतानं काय फरक पडते?" वरच्या मजल्यावरचे पंजाला मानणारे. ते म्हणे, "इथं आपलं निघतच नाही, ऊन कशाले खायचं?" कारण दोघांचं एकच, अन् दोघंही घरी. माझ्या आईला तर केंद्रावरून परत यावं लागलं. कार्ड हातात, पण यादीत नाव नाही. 74 वर्षांची बाई, नवीन लुगडं नेसून गेली होती. रात्री जेवली नाही.

त्या दिवशी नागपुरात 54 टक्के झालं अन् गडचिरोली-चिमूरला जवळपास 72. तिथं लोक जंगलातून पायी येतात. आमच्या गल्लीपासून केंद्र पाच मिनिटांवर आहे.

आपला भाग खरंच एका पक्षाचा आहे का, हे कुठं पाहता येते? अन् या लोकांना बाहेर काढायचं कसं?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, खामला)

पाहता येतं. 'फॉर्म 20' शोधा. प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली, याचा तो अंतिम तक्ता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाइटवर मतदारसंघानुसार मिळतो. आधी तुमचा केंद्र क्रमांक यादीत बघून घ्या. एकाच शाळेतल्या दोन खोल्यांचे आकडे कधी कधी इतके वेगळे असतात की "आमचा भाग अमक्याचा" हे बोलणं थांबवावंसं वाटतं.

आता टक्क्यांबद्दल. मी बरीच वर्षं निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो आणि यादीत त्या नावावर तिरकी रेघ मारतो. बाई असेल तर अनुक्रमांकाला गोलही करतो. संध्याकाळी ती यादी चाळली की सलग चार-पाच कोरी नावं दिसायची. एकच घर. कुणी पुण्याला, कुणी बंगळूरला, आजोबा वारलेले. टक्का यादीतल्या नावांवर निघतो, म्हणून ही सगळी माणसं 'मत न देणारी' ठरतात. आळस आहेच, पण सगळा आळस नाही.

आईंचं ऐकून वाईट वाटलं. कार्ड म्हणजे ओळखपत्र. हक्क यादीतल्या नावानं मिळतो. पत्ता बदलला की फॉर्म 8, नाव मुळातच उडालं असेल तर फॉर्म 6. ऑनलाइन होतं, नाहीतर तुमच्या केंद्राच्या बीएलओंना, म्हणजे मतदार यादीचं काम पाहणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटा. नावाची खात्री निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच करून ठेवा.

उत्तर (पश्चिम नागपूर)

"काय फरक पडते" म्हणणाऱ्याले आमच्याकडचं सांगा. 2024 च्या लोकसभेत गडकरी साहेबांनी विकास ठाकरेंना 1 लाख 37 हजारांवर मतांनी हरवलं. सात महिन्यांनी, 20 नोव्हेंबरला, विधानसभेचं मतदान झालं अन् तेच ठाकरे काँग्रेसकडून पश्चिम नागपुरातून परत आमदार झाले, सहा हजारांहूनही कमी फरकानं. शहर तेच, वर्ष तेच. लोक माणूस पाहून, निवडणूक पाहून मत देऊन राहिले. कोणताच भाग कोणाच्या नावावर लिहून दिलेला नाही.

उत्तर (इंदोरा)

आमच्या वस्तीत सकाळी सातच्या आधीपासून बाया रांगेत असतात. माझी आजी म्हणायची, "बाबासाहेबांनी दिलेलं आहे, वाया नाही घालवायचं." तिले कोणी बोलवायला यावं लागलं नाही. शेवटच्या वेळी गुडघे गेले होते तर आम्ही दोघा भावांनी खुर्चीवर बसवून नेलं. तुमच्याकडं कोणी असं न्यायला आहे का, ते पाहा. म्हातारी माणसं बरेचदा सोबत नाही म्हणून राहून जातात.

प्रश्नकर्ता

सगळ्यांचे आभार. काल घरोघरी पुन्हा फिरलो. न गेलेल्या 16 पैकी पाच जणांची नावं अजून काटोल, उमरेड अन् जुन्या घराच्या पत्त्यावर आहेत. रविवारी लॅपटॉप घेऊन खाली पार्किंगमध्ये बसतो, पाचही फॉर्म 8 भरून टाकू. आईचा फॉर्म 6 आजच भरला.

एक अडचण आहे. सात नंबरमधले काका वारले, त्यांचं नाव यादीत तसंच आहे. काकू एकट्याच राहतात. त्यांना हे कसं विचारू?

उत्तर (निवृत्त शिक्षिका, खामला)

नाव कमी करायला फॉर्म 7 असतो. मृत्यूचा दाखला सोबत जोडा. पण पहिल्या भेटीत हा विषय काढू नका. नुसतं चहाला जा, काकांबद्दल बोलू द्या त्यांना. आणि मतदानाच्या दिवशी तुमच्या आईंना सांगा, काकूंना घेऊनच निघा म्हणावं.