रोज पहाटे गाडी पुसून घेणं: काळजी की रंगाची वाट?

रंगारी
सोसायट्यांमध्ये पहाटे पाचला बादली-फडकं घेऊन गाड्या पुसून देण्याची जी पद्धत आहे, तिच्याइतकं गाडीच्या रंगाचं वाटोळं दुसरं कशानेच होत नाही. तुटून पडा, पण आधी ऐका.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक लॅकर. त्या लॅकरची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमीच. गाडी चमकते ती याच थरामुळे. आता धूळ बघा. तिच्यात वाळूचे कण असतात, म्हणजे क्वार्ट्झ. मोहस मापावर त्याचं काठिण्य ७, साध्या सुरीच्या पात्याहून जास्त. ओल्या फडक्याने धूळ निघते खरी, पण निघण्याआधी अख्ख्या बॉनेटवरून फिरून येते. शिवाय वीस गाड्यांना मिळून फडकं एक, बादली एक.

काळी किंवा गडद निळी गाडी असेल तर रात्री पेट्रोल पंपावरच्या दिव्याखाली उभी करून बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल चरे दिसतील. पांढऱ्या गाडीलाही ते असतात, फक्त दिसत नाहीत.

म्हणून रोजचं पुसणं बंद करा. धूळ नुसती बसल्याने काही बिघडत नाही, ती घासल्याने बिघडतं. आठवड्या-पंधरवड्याने एकदा नीट धुवा. सावलीत, बॉनेट गार झाल्यावर. आधी नुसतं पाणी मारून माती उतरवा, मग गाडीचा शॅम्पू. बादल्या दोन: एक साबणाची, दुसरी गाडी घासायचा हातमोजा खळबळायला. टपापासून सुरुवात करून खाली या. चाकं शेवटी, आणि त्यांचं फडकं वेगळं.

सचिव बी विंग
अहो रंगारी, रात्री पेट्रोल पंपावर उभं राहून गाडी विकत घेणारा गिऱ्हाईक अजून मला भेटलेला नाही. जुनी गाडी घेणारा किलोमीटर बघतो, अपघात झालाय का बघतो, विमा बघतो. दरवाजा पुन्हा रंगवलाय का, हे बोटाने ठोकून बघतो. तुमचे गोल चरे तो बघतच नाही, आणि बघितले तरी एका रबिंग-पॉलिशमध्ये जातात.

दुसरं म्हणजे, आमच्याकडे गाड्या पुसणारा मुलगा महिन्याला गाडीमागे सहाशे रुपये घेतो. त्यावर त्याचं घर चालतं. तुमच्या ४० मायक्रॉनपायी त्याला घरी बसवायचं का? गाडी वापरायला घेतलीय, देव्हाऱ्यात ठेवायला नाही.

रंगारी
पॉलिशने चरे "जातात" म्हणजे काय होतं? चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा लॅकर घासून काढतात, म्हणून चरा दिसेनासा होतो. थर तेवढा पातळ होतो, तो काही परत उगवत नाही. दरवर्षी दिवाळीला रबिंग करून घेणाऱ्यांच्या बॉनेटच्या कडा आधी पांढुरक्या पडतात, त्या यामुळेच.

आणि त्या मुलाला काढा असं मी कुठे म्हटलं? पैसे तेवढेच द्या. रोज त्याच्याकडून काचा, आरसे आणि आतली सफाई करून घ्या, रंगाला हात नको. त्याचेही कष्ट कमी होतील.

वाकडची धूळ
"धूळ बसू द्या" हे पटलं नाही. शेजारी टॉवरचं काम चालू असलं की साधी धूळ नसते, सिमेंट असतं. त्यावर पहाटेचं दव पडलं की ते चिकटून घट्ट बसतं, शिवाय ते अल्कलीयुक्त. आठवडाभर तसंच ठेवलं तर तुमचा शॅम्पूही हात टेकतो. आमच्यासारख्यांनी काय करायचं?

रंगारी
मान्य, सिमेंटला थांबायचं नाही. पण रोज पाणी मारा, फडकं नको. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच, ती आम्लधर्मी असते आणि उन्हात लॅकरवर कायमचा डाग पाडते. ओला टिशू दोन मिनिटं ठेवून ती मऊ करायची आणि उचलून घ्यायची. नखाने खरवडणाऱ्यांना दंडवत.

लातूरकर
"रोज पाणी मारा" म्हणे! २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं त्या गावचा मी. आमच्याकडे गाडीवर नळी धरणाऱ्याकडे लोक कसे बघतात ते येऊन बघा. बंगळूरुत मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला बंदी करून ५००० रुपये दंड ठेवला होता. पुण्यातही उन्हाळ्यात तुम्ही टँकर मागवताच ना? एका बादलीत वीस गाड्या पुसणारा तो मुलगा तुमच्या सगळ्यांपेक्षा शहाणा आहे. चरे पडले तर पडू देत.

फवारणी
लातूरकर, पाण्याचं बरोबर आहे, पण नळी आणि फडकं या दोनच वाटा नाहीत. शेतीचा पाठीवरचा बॅटरी पंप घ्या, टाकी १६ लिटरची. अर्ध्या टाकीत हॅचबॅक भिजून माती सुटते, उरलेल्यात साबण उतरतो. एकच काळजी घ्या, तणनाशक मारलेला पंप नको, गाडीसाठी नवाच ठेवा. जोर वॉशिंग सेंटरच्या मशीनसारखा नसतो, म्हणून आधी फवारून पाच मिनिटं थांबायचं.

देवगडकर
घाटावरच्यांचं सगळं धुळीवर चाललंय. आमच्याकडे खारा वारा. रंगाचं सोडा, तळ सडतो. पावसाळा संपला की गाडी रॅम्पवर चढवून खालून गोड्या पाण्याने धुवावीच लागते, चाकांच्या कमानीत लाल माती धरून राहते तिथे जास्त. आणि दसऱ्याला बॉनेटवर बोटांनी ओलं हळद-कुंकू लावून आठवडाभर ठेवणाऱ्यांनो, पांढऱ्या गाडीवर तो डाग बसला की सुटत नाही. नंबरप्लेटवर लावा, देव समजून घेईल.

चकाचक
एवढा वाद कशाला? सिरॅमिक कोटिंग करा, म्हणजे लॅकरवर काचेसारखा पातळ लेप, विषय संपला. मी केलंय, आता तो मुलगा रोज पुसतो तरी चिंता नाही.

रंगारी
चिंता करा. ते कोटिंग एखाद-दोन मायक्रॉनचं. पाणी घरंगळतं, घाण लवकर सुटते, इथपर्यंत खरं. पण वाळूचा कण त्याला जुमानत नाही. चऱ्यांना खरा अडसर पीपीएफचा (पेंट प्रोटेक्शन फिल्म), तो १५० ते २०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा थर असतो. पूर्ण गाडीला लावायचा तर खर्च लाखाच्या घरात जातो. तेवढ्यात वर्षानुवर्षं त्या मुलाला चांगली मायक्रोफायबर फडकी पुरवता येतील.

वाकडची धूळ
अजून एक, बोअरच्या पाण्याचं काय? धुतली की पांढरे ठिपके.

फवारणी
क्षार आहेत ते. पाणी गाडीवर वाळू द्यायचंच नाही. जाड टॉवेल पसरून टाकायचा आणि ओढून घ्यायचा, घासायचा नाही. शेवटचं पाणी एसीच्या नळीतून गळणारं वापरा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. हवा दमट असली की रात्रभरात बादली सहज भरते. ठिपके पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर पाण्यात मिसळून हलक्या हाताने पुसा आणि लगेच धुवून टाका.

लातूरकर
एसीचं पाणी ही पहिली कामाची गोष्ट निघाली इथे. बाकी माझं मत तेच, चरे पडले तर पडू देत.

सचिव बी विंग
पंप आणि दोन बादल्या सोसायटीने घ्याव्यात, एवढं मी पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो. पण पंपाची बॅटरी कॉमन मीटरवर चार्ज करायची म्हटलं की ज्यांच्याकडे गाडी नाही ते उठून उभे राहणार, आणि त्यांचं चुकीचं नसेल. रोजचं पुसणं मात्र माझ्या गाडीचं चालूच राहील. माझी पांढरी आहे.