मांजर बचावगटाचं प्रमुखपद घेण्याआधी काय काय तपासावं?

लांबशेपटी

एका स्वयंसेवी मांजर बचावगटात मी फोस्टर (दत्तक जाईपर्यंत मांजरं स्वयंसेवकांच्या घरी सांभाळणं) आणि ट्रॅपिंगचं (मांजरं पिंजरा लावून पकडण्याचं) काम बघते. गटाचा स्वतःचा निवारा नाही, मांजरं फोस्टर घरांतच राहतात. सध्या ११ घरं आणि यादीप्रमाणे ३८ मांजरं. प्रमुख ताई पुढच्या महिन्यात पद सोडताहेत आणि सगळ्यांनी माझं नाव पुढे केलंय. मांजरं हाताळता येतात, गट चालवणं हे वेगळंच काम दिसतंय.

हो म्हणण्याआधी काय काय ताब्यात घ्यावं? दवाखान्याची उधारी आहे असं कानावर आहे, पण आकडा कोणी सांगत नाही. रोज येणाऱ्या "पिल्लं सापडलीत, लगेच घेऊन जा" या फोनना काय सांगायचं? आणि मोठी शस्त्रक्रिया किंवा दयामरणाचा निर्णय प्रमुखाने एकट्याने घ्यायचा असतो का? धीर देऊ नका, कामाचं सांगा.

वहीखातं

आकडा कोणी सांगत नाही म्हणजे तो मोठा आहे असं धरून चाला आणि लेखी मागा. प्रत्येक दवाखान्याकडून आजच्या तारखेपर्यंतच्या बाकीचं मांजरवार पत्रक घ्या. बिलं गटाच्या नावावर निघतात की ताईंच्या, हेही बघा. व्यक्तीच्या नावावर निघत असतील तर उद्यापासून तुमच्या नावावर निघतील, आणि मग देणं गटाचं की तुमचं यावर वाद होणार. उधारी असण्यात काही लाज नाही, पण ती कशी फेडायची हे डॉक्टरांशी बोलून ठरल्याशिवाय पद घेऊ नका. बाकी थकली की दवाखाना नसबंदीच्या तारखा पुढे ढकलतो, मांजरं फोस्टरकडे अडकतात, आणि पैशाची अडचण बघता बघता जागेची अडचण होते.

बँक खातं दोन सह्यांचं हवं, आणि त्या दोघी किंवा दोघे एकाच घरातले नकोत. दर महिन्याला जमा-खर्चाचं एक पान सगळ्या स्वयंसेवकांना दिसलं पाहिजे. एखाद्या मांजरासाठी मदत मागताना "जास्तीची रक्कम इतर मांजरांच्या उपचारासाठी वापरली जाईल" ही ओळ आवाहनातच टाका. ती नसली की ते मांजर दगावल्यावर उरलेल्या पैशांवरून जी भांडणं होतात त्यात गट फुटतात.

बाकी ताबा: ईमेल आणि समाजमाध्यमांचे पासवर्ड, गटाचा फोन नंबर (तो बहुधा ताईंच्या खाजगी सिमवर असतो, मग वर्षभर फोन त्यांनाच जात राहतात), दत्तक करारांची फाईल, ट्रॅप आणि पिंजरे कोणाकडे आहेत त्याची यादी, औषधांचा साठा मुदतीच्या तारखांसह. मायक्रोचिपचा (मांजराच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपचा) १५ आकडी नंबर कोणाच्या नावावर नोंदलाय तेही तपासा. दत्तक जाऊन दोन वर्षं झालेलं मांजर हरवलं की फोन जुन्या फोस्टरला येतो, तो यामुळे.

आणि ३८ मांजरं डोळ्यांनी मोजा. एका आठवड्यात ११ही घरं फिरा. प्रत्येक मांजराचा फोटो, नर की मादी, नसबंदी झाली का, शेवटच्या लशीची तारीख, आणि ते दत्तकासाठी मोकळं आहे का, एवढं लिहून आणा. आकडा जुळणार नाही. दत्तक गेलं पण कागद झाला नाही, फोस्टरने स्वतःच ठेवून घेतलं, कोणाला न सांगता परस्पर घरात आलं, या तीन प्रकारांतच बहुतेक फरक सापडतो.

उंबरठा

वर ताब्याचं आलंच आहे, मी फोनचं आणि जागेचं सांगतो. प्रमुखाचं खरं काम तेच आहे.

एका वेळी गटाकडे किती मांजरं असतात ते दोनच गोष्टींवर ठरतं: महिन्याला किती येतात आणि प्रत्येक किती दिवस राहतं. तुमच्याकडे महिन्याला १० येत असतील आणि ३८ मुक्कामाला असतील, तर सरासरी मुक्काम ३.८ महिने, म्हणजे ११५ दिवसांच्या आसपास. तेवढीच मांजरं घेऊन मुक्काम ६० दिवसांवर आणला तर एका वेळी २०च राहतील. नवीन फोस्टर घरं शोधत फिरण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. फक्त पिल्लांची आणि मोठ्या मांजरांची सरासरी वेगळी काढा. पिल्लं लवकर जातात आणि बुजरी मोठी मांजरं वर्षभर बसून आहेत हे एकत्रित आकड्यात झाकलं जातं.

दिवस कुठे वाया जातात? सगळ्यात जास्त नसबंदीच्या तारखेची वाट बघण्यात. मांजर तयार झाल्यावर तारीख मागू नका, दर आठवड्याच्या ठरावीक जागा दवाखान्यात आधीच धरून ठेवा आणि त्या भरा. पिल्लाचं वजन १ किलो झालं की, म्हणजे साधारण दोन महिन्यांचं झाल्यावर, नसबंदी करणारे डॉक्टर असतात. तुमचे करतात का ते विचारा. त्यानंतर नंबर लागतो फोटोंचा. विलगीकरण संपलं त्याच दिवशी दिवसाउजेडी, डोळ्यांच्या पातळीवरून काढलेले तीन फोटो आणि दहा सेकंदांचा व्हिडिओ हवा. दत्तकाच्या चौकशीला २४ तासांत उत्तर देणारी एकच व्यक्ती नेमा. तीन दिवसांनी उत्तर दिलं तर त्या घरात तोवर दुसरं मांजर आलेलं असतं.

आता फोन. आधी व्हिडिओ मागा. पिल्लं स्वच्छ, गुबगुबीत आणि झोपलेली असतील तर आई आसपास आहे, ती काही तास लांब राहू शकते. लांबून लक्ष ठेवायला सांगा, उचलायला नको. मळलेली, गार पडलेली, सतत ओरडणारी असतील तर उचलायची. मग प्रकरणं तीन गटांत टाका. आजच घ्यायची: अपघात, श्वासाचा त्रास, आई नसलेली चार आठवड्यांच्या आतली पिल्लं, आणि लघवीला जोर करूनही होत नसलेला बोका. हा शेवटचा लोकांना "पोट साफ होत नाही" असा वाटतो, पण मूत्रमार्ग तुंबलेला असेल तर दोन दिवसांत जीव जातो. आठवड्यात घ्यायची: गाभण मांजर, माणसाळलेली पिल्लं. बाकी सगळं प्रतीक्षा यादीत.

नुसतं "जागा नाही" म्हणू नका, त्याला जोडून काहीतरी द्या: "ठेवायला जागा नाही, पण ट्रॅप देतो, नसबंदीची तारीख देतो, पिल्लं तुमच्याकडे ठेवलीत तर जाहिरात आम्ही करतो." निम्मे लोक तयार होतात. आईला मात्र विसरू नका. पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि ६३ ते ६५ दिवसांत विते. पिल्लं उचलून आई सोडली तर त्याच पत्त्यावरून तिसऱ्या महिन्यात पुन्हा फोन येणार हे धरून चाला.

दोन जागा कायम रिकाम्या ठेवा. एक आजाऱ्यासाठी, एक दत्तकातून परत येणाऱ्यासाठी. भरायचा मोह रोज होतो.

कानटोपी

थोडं वेगळं मत. प्रमुखाने फोन घेऊच नये. फोनची पाळी तिघांत वाटा, वरचे तीन गट कागदावर लिहून द्या, आणि रात्री ठरावीक वेळेनंतर फक्त पहिल्या गटाचे फोन. प्रमुखाच्या घरी फोस्टर मांजरंही नकोत, नाहीतर नाही म्हणायची वेळ आली की सगळी प्रमुखाच्याच न्हाणीघरात येतात. पद घेतानाच मुदत ठरवा, एक किंवा दोन वर्षं, आणि पहिल्या महिन्यापासून उपप्रमुख सोबत हवा.

उंबरठा

फोनचं मान्य. फोस्टरचं नाही. एक शांत, लसीकरण झालेलं मोठं मांजर प्रमुखाकडे असावं, म्हणजे फोस्टरना आपण काय काय भरायला लावतो ते कळतं. गटांचे फॉर्म मोठे होतात ते ज्यांना भरावे लागत नाहीत त्यांच्यामुळे.

थर्मामीटर

आजारपणाचं कोणीच बोललं नाही, आणि गट बुडतात ते बऱ्याचदा यातच.

नवीन मांजर १४ दिवस वेगळ्या खोलीत. वेगळी वाटी, वेगळा लिटर ट्रे (शी-शूचा), वेगळा खराटा, आणि त्या खोलीत सगळ्यात शेवटी जायचं. १४ का, तर पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) लक्षणं दिसायला तेवढे दिवस लागू शकतात. त्याचा विषाणू कुत्र्यांच्या पार्व्होच्या जातीचा, तो घरात वर्षभर टिकू शकतो. सॅनिटायझरने, स्पिरिटने किंवा नेहमीच्या सुगंधी फरशी-क्लीनरने तो मरत नाही. आधी साबणाने घाण पूर्ण काढायची, मग घरगुती ब्लीच ३० मिली एक लिटर पाण्यात, आणि जागा १० मिनिटं ओली राहिली पाहिजे. घाणीवर ब्लीच ओतून उपयोग नाही, त्याचा जोर घाणीतच संपतो. द्रावण रोज ताजं करा, दुसऱ्या कुठल्याही क्लीनरमध्ये मिसळू नका, आणि मांजर परत आत सोडण्याआधी जागा धुऊन वाळवा. फिनाइल मांजरांच्या घरात नकोच, चाटण्यातून विषबाधा होते. गाद्या, दोऱ्यांचे खांब, पुठ्ठे टाकून द्या.

पॅनल्यूकोपेनिया निघालेल्या घरात पुढचं वर्षभर लस पूर्ण न झालेलं पिल्लू पाठवायचं नाही. हा नियम प्रमुखानेच पाळून घ्यायचा असतो, कारण ते घर बहुधा सगळ्यात मनापासून काम करणारं असतं आणि "आता काही नाही हो" म्हणत पिल्लं मागत असतं.

फोस्टरमधल्या पिल्लांची लस ४ ते ६ आठवड्यांपासून सुरू होते आणि साधारण २० आठवड्यांची होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी द्यायची असते. बाटलीवरच्या पिल्लांसाठी प्रत्येक घरात ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा द्या. रोज एकाच वेळी वजन, रोज १० ते १५ ग्रॅम वाढ. एक दिवस वाढ नाही तर फोस्टरने कळवायचं, वजन घटलं तर त्याच दिवशी डॉक्टर. गार पडलेल्या पिल्लाला आधी ऊब, मग दूध. पॅरासिटामॉलची गोळी आणि परमेथ्रिन असलेली कुत्र्यांची पिसवांची औषधं मांजरांना प्राणघातक आहेत, हे प्रत्येक फोस्टरच्या फ्रीजवर चिकटवा.

माणसांचंही. ट्रॅप हाताळणाऱ्यांनी रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस आधीच घ्यावी. चावल्यास साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं, त्याच दिवशी डॉक्टर, आणि चाव्यांच्या वहीत नोंद. मांजराचा दात बारीक पण खोल जातो, वरून काही दिसत नाही आणि आत पू धरतो. चावलेल्या मांजरावर १० दिवस नजर ठेवायची, तोवर दत्तक नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं: एकट्याने कधीच नाही. खर्चाची एक मर्यादा ठरवा, तिच्या आत कामावर असलेली व्यक्ती हो म्हणू शकते, वर गेलं की तिघांची समिती. दयामरणाला डॉक्टरांचं लेखी मत आणि समितीतल्या दोघांची संमती हवी, आणि ते दोघे त्या मांजराचे फोस्टर नसावेत. फोस्टरचं म्हणणं ऐकायचं, शक्य असेल तर निरोपाला थांबू द्यायचं, पण निर्णयाचं ओझं त्यांच्यावर टाकायचं नाही. रात्री असह्य वेदनेत असलेल्या मांजरासाठी समिती जमवत बसू नका. त्यासाठी डॉक्टर आणि पाळीवरची एक व्यक्ती पुरे, हे आधीच लिहून ठेवा.

लांबशेपटी

खूप उपयोगी. मोजणीचं वाचून एक आठवलं: एका घरात यादीप्रमाणे ९ मांजरं आहेत, पण त्या काकू कित्येक महिने कोणाला आत घेत नाहीत. दत्तकाला आलेली चार कुटुंबं त्यांनी नाकारली. कसं हाताळू?

वहीखातं

आधी ग्रुपवर एक अक्षर लिहू नका. तिथे वाच्यता झाली की दार कायमचं बंद होतं. त्या घरात नवीन मांजर देणं आजपासून थांबवा. मग लसीकरणाचं निमित्त काढून डॉक्टर किंवा त्यांच्या मदतनिसासोबत दोघींनी जा, खाणं आणि लिटर घेऊन. "तपासणी" हा शब्द काढू नका.

थर्मामीटर

आत गेल्यावर डोळे चुरचुरतात का बघा, तो साठलेल्या लघवीचा अमोनिया असतो. ट्रे मोजा, मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त हवा. दिसणारी मांजरं ९ पेक्षा जास्त असतील तर तिथे बोलू नका, मोजून या.

सगळी एकदम उचलू नका, काकू बाकीची लपवतील आणि आठवड्याभरात नवीन आणतील. पहिल्या फेरीत आजारी आणि नसबंदी न झालेले, आधी बोके आणि गाभण माद्या, "दवाखान्यात नेतो" म्हणून. ते खरंच न्या. दुसऱ्या फेरीपासून दर आठवड्याला दोन, आणि दत्तकाचं घर काकूंनाही दाखवा. शेवटी दोन-तीन म्हातारी मांजरं त्यांच्याच नावावर दत्तक करून द्या, करारावर सही घेऊन. पहिल्या भेटीला कॅरियर गाडीतच ठेवा, हातात घेऊन दारात उभ्या राहिलात तर कडीसुद्धा निघणार नाही.