धान चुरून झालं की शिडाच्या बोटीनं रात्रभर जायचं आहे, सल्ला द्या

पवनीचा_डोंगेवाला
नमस्कार मंडळी. आम्ही चार मित्र, पवनी तालुक्यातले. दोघं धिवर, एकाची धानाची शेती, एक झेडपीत मास्तर. डोंगा लहानपणापासून येते. गोसेखुर्दच्या फुगवट्यात रात्री जाळी टाकून पहाटे काढतो. पण समुद्र चौघांपैकी एकानंच पाहिला, तोही जुहूला भेळ खाता खाता. जानेवारीत शिडाची बोट तांडेलासकट (बोट चालवणारा मुख्य खलाशी) भाड्यानं घेऊन किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं ठरवून राहिलो. अट एकच: एक पूर्ण रात्र बोट चालती पाहिजे, नांगर टाकून झोपायचं नाही. कुठून कुठं जावं, कोणता दिवस धरावा?

वऱ्हाडी_मिरची
भाऊ, पहिले माझी फजिती ऐका. आम्ही पाच जण गेलो होतो. निघायच्या आधी मुंबईतल्या मित्राकडे सावजी मटण हाणलं. बंदराबाहेर पहिली लाट लागली आणि सगळी तर्री समुद्राला अर्पण. गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली, तीही बाहेर. उलटीची गोळी डॉक्टरला विचारून निघायच्या तासभर आधी घ्या, तिनं झोप येते हे धरून चाला. जेवण म्हणजे वरणभात, खिशात अद्रक. खाली केबिनीत मोबाईल पाहत बसाल तर मेलेच समजा.

अन वरठीहून विदर्भ एक्स्प्रेसनं सकाळी उतरून त्याच रात्री बोटीवर चढू नका. आम्ही तेच केलं. पहाटे तीनला सुकाणू माझ्या हाती. समोर एक दिवा धरला आणि तासभर त्याच्याच मागं नेली बोट. तो दिवा मच्छीमाराच्या बोटीचा निघाला, अन ती बोटही चालतच होती! तांडेल उठला, रागावला नाही, फक्त होकायंत्रावर टिचकी मारून परत झोपला.

निवृत्त_दर्यावर्दी
पोरांनो, मुंबई ते मुरूड करा. बोटीच्या वाटेनं साधारण ४० नॉटिकल मैल, म्हणजे ७५ किलोमीटरच्या आसपास. ताशी ५ नॉटिकल मैल वेग धरला तर आठ-नऊ तास. त्या दिवसांत दुपारपासून वारा वायव्येकडून असतो, दक्षिणेला जाताना तो पाठीशी मिळतो. मध्यरात्रीनंतर जमिनीवरून मतलई वारा सुटतो, कधी कधी मधल्या वेळात वारा पूर्ण पडतो. तेव्हा इंजिन लावावं लागेल, त्यात कमीपणा नाही. परत मात्र रस्त्यानं या. त्याच वाऱ्याला तोंड देत नागमोडी उत्तरेला येणं नवख्याला झेपत नाही.

दिवसाचं म्हणाल तर पंचांग काढा. आमच्याकडचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात. शुद्ध दशमीला संध्याकाळी साडेसातच्या सुमारास भरती पूर्ण, रात्री आठला ओहोटीबरोबर निघालात की पाणीच तुम्हाला बंदराबाहेर काढतं. अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी सर्वांत मंद, ती होऊन दोनच दिवस झालेले, म्हणून पाण्याला उधाणाची (पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीची) ओढ नाही. चंद्र रात्री दोनपर्यंत आकाशात. पौर्णिमेला उजेड जास्त, पण ओढही जास्त.

रेवदंड्याची_नलू
काका, जाळ्यांचं विसरलात! दादा, खांदेरी बेटापासून आमच्या रेवदंड्यापर्यंत डोल जाळी (समुद्रात एका जागी बांधून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) लावलेली असतात, त्यांचे खुंट आणि फ्लोट रात्री दिसत नाहीत, दिवा क्वचितच असतो. इंजिनाच्या पंख्यात दोर अडकला तर बोट तिथंच, आणि जाळं फाटलं तर आमच्या घरातलं नुकसान. म्हणून दशमीचा चंद्र खरा कामाचा, तो असेपर्यंत तुम्ही रेवदंडा ओलांडलेला असेल. पुढं एक माणूस नुसता पाण्यावर नजर ठेवायला बसवा. मुंबई बंदरात मोठ्या जहाजांची वाट सरळ आडवी काटून पटकन बाहेर पडा, ती तुमच्यासाठी थांबू शकत नाहीत.

मुरूडला पहाटे अंधारात पोचलात तर राजपुरीच्या खाडीत शिरू नका. बाहेरच शीड कमी करून रेंगाळा. जंजिरा उजाडताना बघायचा असतो, उगाच नाही सांगत.

बोटवाल्याला विचारा: मेरिटाईम बोर्डाचा परवाना आणि विमा दाखवा, रात्रीच्या फेरीची परवानगी आहे का, व्हीएचएफ (बोटीवरचा वायरलेस) चालतो का. त्यावर चॅनल १६, म्हणजे संकटात हाक मारायचा, कायम चालू हवा. तटरक्षक दलाचा नंबर १५५४ लिहून ठेवा. उत्तर देताना तो हसला तर दुसरा बघा.

पवनीचा_डोंगेवाला
नलूताई, काका, मिरचीभाऊ, लय उपकार. पाळ्या कशा लावाव्या? मास्तरला पोहता येत नाही.

निवृत्त_दर्यावर्दी
दोन-दोनच्या जोड्या, तीन-तीन तास. दोन ते पाचची पाळी सर्वांत वाईट, ती ज्याला पहाटे जाळी काढायची सवय आहे त्याला द्या. अंधार पडला की डेकवर सुरक्षेचा पट्टा बोटीला अडकवल्याशिवाय कोणी उभं राहायचं नाही, पोहणारा असो की मास्तर. रात्री बोटीतून पडलेला माणूस पाच मिनिटांत दिसेनासा होतो.

पवनीचा_डोंगेवाला
आबा पंचांग घेऊन बसलेत. विचारून राहिले की वैनगंगेत पाणी उथळ झालं की बांबू टेकवून कळते, तिथं काय करता?

रेवदंड्याची_नलू
आता यंत्रावर खोली आकड्यात दिसते. माझे आजोबा शिशाचं वजन दोरीला बांधून सोडायचे, खाली मेण लावलेलं. मेणाला वाळू चिकटली की नांगर टाकायचा, चिखल असला तर थोडं पुढं जायचं, आणि काहीच चिकटलं नाही तर खडक.

पवनीचा_डोंगेवाला
वाचून दाखवलं. म्हणतात, मीही येतो. आता पाच जण, त्यांचं वय ६८. लाईफ जॅकेट पाच सांगावे लागतील.